कॅल्शियमचा सांगावा आणि पेशीपटलावरची प्रथिने

मुळांना खाऱ्या पाण्याचा चटका बसला, पानावर अळी चढली किंवा अचानक गारठा पडला, की वनस्पतीच्या पेशीत कॅल्शियमची पातळी क्षणार्धात वाढते. या एकाच इशाऱ्याचे निरनिराळे अर्थ लावण्याचे काम पेशीपटलाशी जोडलेली काही प्रथिने करतात. खाऱ्या जमिनीत पीक तग धरते की माना टाकते, याचा निकाल पुष्कळ अंशी तेथेच लागतो.

रायगड जिल्ह्यातील खाडीकाठच्या गावांत उधाणाच्या भरतीने खारबांधाला खांड पडली, की समुद्राचे पाणी भातखाचरांत शिरते. गावकरी फावडी-घमेली घेऊन बांधाकडे धावतात, गुरे उंचवट्यावर नेऊन बांधली जातात. भाताच्या रोपाला मात्र जागा सोडता येत नाही. जे काही करायचे, ते त्याला उभ्या जागीच करावे लागते. त्यासाठी आधी त्याला संकट आल्याचे कळावे लागते आणि ते कोणते आहे, हेही ओळखावे लागते.

वनस्पतीला डोळे नाहीत, कान नाहीत, मज्जातंतूही नाहीत. तरीही मुळांना खारट पाण्याचा स्पर्श झाल्यापासून काही सेकंदांतच त्यांच्या पेशींमध्ये त्याची नोंद होते. ही नोंद कॅल्शियमच्या भाषेत असते. ती भाषा पेशी कशी वाचते, याचा उलगडा गेल्या तीन-साडेतीन दशकांत टप्प्याटप्प्याने झाला आहे. वनस्पतिशास्त्रातील हा एक महत्त्वाचा अध्याय मानला जातो.

कॅल्शियमच का?

कॅल्शियम म्हटले की सर्वसामान्यांना हाडे, दात आणि दूध आठवते. वनस्पतींमध्येही पेशीभित्तिकेला बळकटी देण्याचे काम हे मूलद्रव्य करते. पेशीच्या आतील द्रवात, म्हणजे पेशीद्रवात, मात्र त्याला फारसा थारा नसतो. पेशीतील ऊर्जेचे सारे व्यवहार फॉस्फेटच्या साहाय्याने चालतात. कॅल्शियम मुबलक असेल, तर त्याचा फॉस्फेटशी संयोग होऊन अविद्राव्य साका तयार होईल आणि पेशीचे कामकाजच ठप्प होईल. त्यामुळे प्रत्येक जिवंत पेशी कॅल्शियमला सतत बाहेर काढत असते. पेशीपटलावरील आणि पेशीतील कप्प्यांवरील प्रथिनांचे पंप हे काम ऊर्जा खर्च करून अहोरात्र करतात.

याचा परिणाम असा, की शांत अवस्थेतील वनस्पतिपेशीच्या पेशीद्रवात मुक्त कॅल्शियम एका लिटरमागे सुमारे ४ मायक्रोग्रॅम इतकेच असते. पेशीच्या बाहेर, तसेच पेशीतील रिक्तिका या मोठ्या कोठारात, ते लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आसपास असते. दोन्हींत सुमारे दहा हजार पटींचा फरक पडतो. धरणाच्या भिंतीमागे पाणी तुंबून राहावे, तसे कॅल्शियम पटलाच्या पलीकडे साठून असते. पटलातील एखादी वाहिनी क्षणभर उघडली तरी ते लोंढ्याने आत येते. मूळची पातळी अत्यल्प असल्याने थोडीशी वाढदेखील ठळकपणे जाणवते. इशारा देण्यासाठी याहून सोयीचे साधन पेशीला मिळणे कठीण होते.

जेलीफिशच्या उजेडात

पेशीतील कॅल्शियमची ही चढउतार प्रत्यक्ष पाहणे फार काळ अवघड होते. त्यासाठी कामी आला एक समुद्री जीव. जपानी शास्त्रज्ञ ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये एका जेलीफिशपासून एक्वोरिन नावाचे प्रथिन वेगळे केले. कॅल्शियमशी संयोग होताच हे प्रथिन निळसर प्रकाश देते. याच जेलीफिशमध्ये सापडलेल्या हिरव्या प्रकाशमान प्रथिनासाठी शिमोमुरा यांना पुढे २००८ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

एडिंबरा विद्यापीठातील अँथनी ट्रेवावस, मार्क नाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्वोरिनचे जनुक तंबाखूच्या रोपात घातले आणि १९९१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोपाला हलकासा स्पर्श केला, थंड पाण्याचा झटका दिला किंवा बुरशीपासून मिळवलेला अर्क लावला, की रोप प्रकाशमान होत असे. प्रत्येक वेळी प्रकाशाचा आलेख निराळा होता. कॅल्शियम किती वाढले, किती वेळ टिकले आणि ते एकदाच वाढले की पुनःपुन्हा, यावरून इशाऱ्याचे स्वरूप ठरते, ही कल्पना पुढे रूढ झाली. शास्त्रज्ञ तिला कॅल्शियमची ‘स्वाक्षरी’ म्हणतात.

तथापि स्वाक्षरी असून भागत नाही, ती ओळखणाराही हवा. मीठ, थंडी, कीड, दुष्काळ अशा सगळ्याच प्रसंगी कॅल्शियम वाढत असेल, तर कोणत्या वेळी काय करायचे हे पेशीला कसे कळते? या प्रश्नाचे उत्तर कॅल्शियमला धरून ठेवणाऱ्या प्रथिनांत आणि ती पेशीत कोठे असतात यात दडलेले आहे.

कॅल्शियम पकडणारा ‘हात’

कॅल्शियमचा कण पकडण्यासाठी निसर्गाने प्रथिनांत एक विशिष्ट घडण वापरली आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेट्सिंगर यांनी १९७३ मध्ये कार्प माशाच्या स्नायूतील एका प्रथिनाची रचना अभ्यासताना ती प्रथम दाखवून दिली. दोन पिळदार दांड्या आणि त्यांच्यामध्ये बारा अमिनो आम्लांचा एक फासा, अशी ही रचना असते. ताणलेली तर्जनी आणि अंगठा यांच्यासारखी ती दिसते. त्या प्रथिनातील दांड्यांना ‘ई’ आणि ‘एफ’ अशी अक्षरे दिलेली असल्याने तिला ‘ईएफ हँड’ हे नाव पडले.

कॅल्शियमचा कण या फाशात बसला, की प्रथिनाचा आकार बदलतो. एरवी आत दडलेला भाग उघडा पडतो आणि त्याला दुसरे एखादे प्रथिन येऊन चिकटू शकते. सांगावा पुढे जाण्याची सुरुवात येथून होते.

अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील लहानशा रोपाचा जनुकसंच २००० मध्ये पूर्ण वाचला गेला. त्यात ईएफ हँड असण्याची शक्यता असलेली सुमारे २५० प्रथिने आढळली. त्यांतील तीन घराणी महत्त्वाची आहेत. पहिले घराणे कॅल्मोड्युलिन आणि त्याच्या आप्तांचे. १९९० मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॅनेट ब्राम आणि रोनाल्ड डेव्हिस यांना असे आढळले, की रोपांवर नुसता पाण्याचा फवारा मारला किंवा त्यांना स्पर्श केला, तरी काही जनुके झपाट्याने कार्यरत होतात. ती जनुके कॅल्मोड्युलिन आणि तत्सम प्रथिनांची निघाली.

दुसरे घराणे सीडीपीके या नावाने ओळखले जाते. यातील प्रथिने कॅल्शियम पकडतात आणि कायनेज म्हणूनही काम करतात. इतर प्रथिनांना फॉस्फेटचा गट जोडून त्यांना चालू किंवा बंद करणाऱ्या विकराला कायनेज म्हणतात. सोयाबीनमधील अशा कायनेजचे वर्णन १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. प्राण्यांमध्ये हे घराणे नाही. हिवतापाच्या परजीवीत मात्र ते आहे आणि त्यामुळे औषधसंशोधकांचेही त्याकडे लक्ष असते. अरॅबिडॉप्सिसमध्ये अशी ३४ प्रथिने आहेत.

तिसरे घराणे सीबीएल प्रथिनांचे. ही प्रथिने स्वतः कायनेज नसतात. कॅल्शियम पकडल्यावर ती सीआयपीके नावाच्या कायनेजना हाताशी धरतात आणि त्यांना कामाला लावतात. अरॅबिडॉप्सिसमध्ये १० सीबीएल आणि २६ सीआयपीके आहेत. कोणती जोडी कोठे आणि कधी जुळते, यावर निरोपाचा अर्थ ठरतो.

पटलावरच मुक्काम का?

पेशीपटल हे स्निग्ध पदार्थांच्या दुहेरी थराचे बनलेले असते. त्याची जाडी जेमतेम मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाइतकी असते. पेशीत येणारे कॅल्शियम या पटलातील वाहिन्यांतूनच येते. आत आलेले कॅल्शियम फार दूर जाऊ शकत नाही, कारण वाटेतील प्रथिने ते पकडून ठेवतात आणि पंप ते पुन्हा बाहेर काढतात. साहजिकच पातळीतील सर्वांत मोठी वाढ वाहिनीच्या मुखाशी, पटलाच्या अगदी लगत होते. हा इशारा ऐकायचा असेल, तर ऐकणाऱ्याने दाराजवळच बसायला हवे. शिवाय ज्या वाहिन्या आणि वाहक प्रथिने यांच्यावर कार्यवाही करायची, तीही पटलातच असतात.

काही प्रथिने पटलातून आरपार गेलेली असतात आणि त्यांच्या अंगीच ईएफ हँड असतात. रिक्तिकेच्या पटलावरील टीपीसी१ ही वाहिनी त्यांपैकी एक आहे. तिची त्रिमितीय रचना २०१६ मध्ये उलगडली. दुसरे उदाहरण आरबीओएचडी या विकराचे. पेशीपटलात रुतलेले हे प्रथिन कॅल्शियमने चेतविले, की पेशीच्या बाहेरच्या बाजूस ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे तयार करते. ती शेजारच्या पेशीला जागे करतात आणि इशारा एका पेशीकडून दुसरीकडे सरकतो. रॉन मिटलर यांच्या गटाने २००९ मध्ये मोजलेला या लाटेचा वेग मिनिटाला सुमारे ८.४ सेंटिमीटर होता.

सीबीएल घराण्यातील बहुतेक प्रथिने मात्र आरपार गेलेली नसतात. ती पटलाला चिकटतात, तेही एका स्निग्ध आम्लाच्या मदतीने. मिरिस्टिक आम्ल हे त्याचे नाव. जायफळाच्या शास्त्रीय नावावरून ते आले आहे, कारण जायफळाच्या तेलात हे आम्ल भरपूर असते. खोबरेल तेलातही ते आढळते. चौदा कार्बन अणूंची ही साखळी प्रथिनाच्या टोकाला जोडली जाते आणि पटलाच्या स्निग्ध थरात रुतून बसते. तिच्या जोडीला अनेकदा सोळा कार्बन अणूंच्या पामिटिक आम्लाचीही साखळी लागते, म्हणजे पकड पक्की होते.

हा नांगर कोठे टाकायचा, याची सूचना प्रथिनाच्या टोकाशीच लिहिलेली असते. जर्मनीतील म्युन्स्टर विद्यापीठात यॉर्ग कुडला यांच्या गटाने सीबीएल१ या प्रथिनाची केवळ पहिली बारा अमिनो आम्ले एका प्रकाशमान प्रथिनाला जोडली. तेवढ्यानेच ते प्रकाशमान प्रथिन पेशीपटलावर जाऊन बसले. सीबीएल२ आणि सीबीएल३ यांचे टोक निराळे असते. त्यामुळे ती रिक्तिकेच्या पटलावर जातात. एकच कायनेज सीबीएल१ बरोबर असेल, तर पेशीच्या वेशीवर काम करते आणि सीबीएल२ बरोबर असेल, तर कोठाराच्या दारावर.

मिठाच्या साखळीचा शोध

या साऱ्या यंत्रणेचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे एसओएस साखळी. ‘सॉल्ट ओव्हर्ली सेन्सिटिव्ह’ म्हणजे मिठाला अतिसंवेदनशील, या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठात जियान-कांग झू यांच्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात तिचा शोध लागला.

शोधाची पद्धत साधी होती. अरॅबिडॉप्सिसच्या बियांवर रसायनाची प्रक्रिया करून त्यांच्या जनुकांत यादृच्छिक बदल घडविण्यात आले. अंकुरलेली रोपे मीठ घातलेल्या जेलीच्या तबकांवर ठेवून तबके उभी करण्यात आली, मात्र रोपांची मुळे वरच्या दिशेला येतील अशा रीतीने. निरोगी रोपांची मुळे वाढत राहतात आणि गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने वळून खाली येतात. मिठाने ज्या रोपांची वाढ खुंटली, त्यांची मुळे वळलीच नाहीत. अशी न वळणारी रोपे हजारोंतून निवडून काढण्यात आली. त्यांतून एसओएस१, एसओएस२ आणि एसओएस३ ही तीन जनुके हाती लागली.

एसओएस३ बिघडलेल्या रोपांची एक गोष्ट संशोधकांच्या ध्यानात आली. जेलीत कॅल्शियमचे प्रमाण वाढवले, की या रोपांना मीठ काही प्रमाणात सोसू लागे. बिघाड कॅल्शियमच्या निरोपात असावा, असा त्याचा अर्थ होता. १९९८ मध्ये जिपिंग लिऊ आणि झू यांनी हे जनुक वेगळे केल्यावर या तर्काला पुष्टी मिळाली. एसओएस३ हे कॅल्शियम पकडणारे प्रथिन निघाले. सीबीएल घराण्यात आता ते सीबीएल४ म्हणून ओळखले जाते. बिघडलेल्या रोपांत त्याच्या ईएफ हँडच्या भागातील अवघी तीन अमिनो आम्ले गळलेली होती.

२००० मध्ये उरलेल्या दोन जनुकांचाही उलगडा झाला. एसओएस२ हे कायनेज, तर एसओएस१ हे पेशीपटलात बसलेले वाहक प्रथिन. पेशीबाहेरील हायड्रोजनचा कण आत घेऊन त्या बदल्यात सोडियमचा कण बाहेर टाकणे, हे एसओएस१ चे काम. त्याच वर्षी मानाबू इशितानी आणि सहकाऱ्यांनी आणखी एक निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. एसओएस३ च्या टोकाचे एकच अमिनो आम्ल बदलले, की त्याला मिरिस्टिक आम्ल जोडले जात नाही. असे बदललेले प्रथिन रोपाला मिठापासून वाचवू शकले नाही. पटलाचा नांगर आणि कॅल्शियमची पकड या दोन्ही गोष्टी अनिवार्य ठरल्या.

पायरीपायरीने काय घडते?

जमिनीतील पाण्यात मीठ वाढले, की सोडियम मुळांच्या पेशींत घुसू लागतो. पेशीच्या आतील बाजूस ऋण विद्युतभार असतो आणि सोडियम धनभारित असतो, त्यामुळे तो आपसूक आत ओढला जातो. आत गेल्यावर तो पोटॅशियमची जागा बळकावतो. पन्नासहून अधिक विकरांना काम करण्यासाठी पोटॅशियम लागते. सोडियम वाढला, की त्यांचे काम अडते.

मीठ जाणवताच पेशीपटलातील वाहिन्यांतून कॅल्शियम आत येते. सोडियमची पहिली जाणीव पेशीला कशी होते, हे कोडे बरीच वर्षे सुटत नव्हते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे झेन-मिंग पेई आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये त्याचे एक उत्तर दिले. पेशीपटलाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर जीआयपीसी नावाचे ऋणभारित स्निग्ध रेणू असतात. सोडियम त्यांना चिकटतो आणि त्यामुळे कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात.

आत आलेले कॅल्शियम एसओएस३ पकडते. त्याचा आकार बदलतो आणि ते एसओएस२ ला चिकटते. एसओएस२ च्या अंगात २१ अमिनो आम्लांचा एक तुकडा असतो, तो एरवी त्या कायनेजला लगाम घालून ठेवतो. एसओएस३ नेमके त्या तुकड्याला धरते आणि लगाम सुटतो. पटलाशी जोडलेले असल्याने एसओएस३ मोकळ्या झालेल्या एसओएस२ ला थेट पटलापाशी आणते. तेथे एसओएस१ आधीच बसलेले असते. त्याची लांब शेपटी त्याच्याच कामात अडसर म्हणून वावरत असते. एसओएस२ त्या शेपटीला फॉस्फेट जोडते, अडसर दूर होतो आणि सोडियम बाहेर फेकला जाऊ लागतो. शेपटीची ही भूमिका २०११ मध्ये स्पष्ट झाली.

ही साखळी स्वयंपूर्ण आहे का, याची परीक्षा यीस्टवर घेण्यात आली. स्पेनमधील सेव्हिल येथील फ्रान्सिस्को किंतेरो, होसे मॅन्युएल पार्दो आणि सहकाऱ्यांनी स्वतःचे सोडियम-पंप नसलेल्या यीस्टमध्ये ही प्रथिने घातली. केवळ एसओएस१ घातल्यावर यीस्टला थोडेच मीठ सोसले. तिन्ही प्रथिने एकत्र आल्यावर ते कितीतरी अधिक मिठात वाढले. हा प्रयोग २००२ चा आहे.

सोडियम बाहेर टाकण्यासाठी लागणारी ऊर्जा स्वस्त नसते. ती यंत्रणा सतत चालू ठेवणे रोपाला परवडणारे नाही. म्हणूनच संकट नसताना एसओएस२ ला बांधून ठेवण्याचीही व्यवस्था असते. ते जायगँशिया या प्रथिनाशी जखडलेले असते, असे २०१३ मध्ये आढळले. हेच प्रथिन रोपाच्या फुलण्याची वेळ ठरविण्यात भाग घेते. मीठ वाढले, की ते नष्ट होऊ लागते. एसओएस२ मोकळे होते आणि फुलोराही लांबतो.

मुळाला झालेली मिठाची बाधा शेंड्यापर्यंत कळविण्याचे कामही कॅल्शियमच करते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील सायमन गिलरॉय यांच्या गटाने २०१४ मध्ये मुळातून वर जाणारी कॅल्शियमची लाट मोजली. तिचा वेग सेकंदाला सुमारे ०.४ मिलिमीटर होता आणि तिच्यासाठी टीपीसी१ ही वाहिनी आवश्यक होती. पानांमध्ये एसओएस३ ऐवजी मुख्यत्वे सीबीएल१० हे प्रथिन एसओएस२ ला हाताशी धरते, हे २००७ मध्येच दिसून आले होते.

तोच कण, निराळे निरोप

मिठाची ही साखळी एकमेव नाही. जमिनीत पोटॅशियम कमी पडले, की सीबीएल१ आणि सीबीएल९ ही प्रथिने सीआयपीके२३ ला पेशीपटलावर आणतात आणि तेथील पोटॅशियमची वाहिनी खुली होते. बीजिंग येथील चीन कृषी विद्यापीठातील संशोधकांनी २००६ मध्ये हे दाखविले. नत्र शोषणारे एक वाहक प्रथिनही याच कायनेजच्या ताब्यात असल्याचे २००९ मध्ये निष्पन्न झाले. म्हणजे शेतकरी जे पालाश आणि नत्र जमिनीत घालतो, त्यांच्या शोषणावरही कॅल्शियमच्या निरोप्यांचा अंमल असतो.

कडधान्यांच्या मुळांवरील गाठींची सुरुवातही कॅल्शियमनेच होते. रायझोबियम जिवाणूंनी सोडलेला रेणू मुळावरील केसांना जाणवला, की त्यांच्या पेशीकेंद्रकाभोवती कॅल्शियम ठरावीक लयीत, साधारण मिनिटाला एकदा, वरखाली होऊ लागते. १९९६ मध्ये लसूणघासावर हे प्रथम पाहण्यात आले.

जखमेचा निरोपही असाच जातो. मासात्सुगु टोयोटा, गिलरॉय आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अळीने एक पान कुरतडताच जखमेतून ग्लुटामेट बाहेर पडले. त्याने पटलातील वाहिन्या उघडल्या आणि कॅल्शियमची लाट दोन मिनिटांच्या आत दूरच्या पानांपर्यंत पोहोचली. अद्याप अळी न शिवलेली पानेही बचावाची तयारी करू लागली.

भारतीय वाचकांना या संदर्भात जगदीशचंद्र बोस यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. लाजाळूच्या पानांत विद्युतसंदेश वाहतात, हे त्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वतः घडविलेल्या उपकरणांनी दाखविले होते. जपानमधील संशोधकांनी २०२२ मध्ये लाजाळूत कॅल्शियमची लाट आणि विद्युतसंदेश बरोबरीने धावत असल्याचे चित्रित केले. पाने मिटू न शकणाऱ्या लाजाळूच्या रोपांना नाकतोड्यांनी अधिक खाल्ले, असेही त्यांना आढळले.

खाचरापर्यंतची वाट

अरॅबिडॉप्सिस हे खाण्याचे पीक नाही. तथापि भातामध्येही हीच साखळी असल्याचे २००७ मध्ये सिद्ध झाले. भातातील प्रथिने अरॅबिडॉप्सिसच्या प्रथिनांच्या जागी काम करू शकतात, इतके त्यांच्यात साम्य आहे. भारतात दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरातील गिरधर पांडे यांचा गट सीबीएल आणि सीआयपीके यांच्या जोड्यांवर संशोधन करतो.

या संशोधनाची निकड आकड्यांवरून ध्यानात येते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे १४० कोटी हेक्टर जमीन क्षारबाधित आहे. कर्नाल येथील केंद्रीय मृद लवणता संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे भारतात असे क्षेत्र सुमारे ६७ लाख हेक्टर आहे. महाराष्ट्रात कोकण किनाऱ्यावरच्या खार जमिनींबरोबरच सांगली-कोल्हापूर भागातील उसाच्या पट्ट्यातही अतिपाणी आणि अपुरा निचरा यांमुळे जमिनी क्षारपड झाल्या आहेत.

शेतकऱ्यांनी स्वतः निवडून जपलेल्या जाती ही या क्षेत्रातील जुनी ठेव आहे. कोकणातील राता, गोव्याच्या खाजनांतील कोरगुट आणि केरळातील पोक्काळी हे भात खाऱ्या पाण्याला दाद देत नाहीत. पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल १, २ आणि ३ या जाती विकसित केल्या. पोक्काळीतील मीठ सोसण्याचा गुण देणारा सॉल्टोल नावाचा जनुकीय पट्टा पैदासकार आता इतर जातींत आणतात. त्या पट्ट्यातील एक जनुक एसओएस साखळीतील नाही. ते देठाकडे निघालेल्या रसातून सोडियम परत काढून घेणाऱ्या वाहकाचे जनुक आहे. मीठ सोसणे हे एकट्या प्रथिनाचे काम नाही, हे त्यावरून दिसते.

त्यामुळेच एखादे एसओएस जनुक पिकात घातले, की खाऱ्या जमिनीचा प्रश्न सुटेल, असे समजणे घाईचे ठरेल. तबकातील रोपाला केवळ मिठाशी झुंजावे लागते. शेतातील रोपाला मिठाबरोबर पाणथळपणा, उष्णता आणि अन्नद्रव्यांची कमतरता यांनाही तोंड द्यावे लागते, आणि या प्रत्येक वेळी पेशीत कॅल्शियमच निरोप घेऊन येते. मग सोडियम बाहेर टाकण्यात खर्च झालेली ऊर्जा दाण्यांतून वजा होते, ती वेगळीच.

जमिनीची निगा राखण्याला म्हणूनच पर्याय नाही. चोपण जमिनीत जिप्सम घालण्याची शिफारस होते, ती त्यातील कॅल्शियममुळे. ते मातीच्या कणांवरील सोडियमला हुसकावून लावते आणि निचऱ्याच्या पाण्याबरोबर तो वाहून जातो. कॅल्शियमचा रोपालाही थेट लाभ होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॉल लाहे आणि इमॅन्युएल एप्स्टाइन यांनी १९६९ मध्येच दाखविले होते, की मिठाच्या द्रावणात पुरेसे कॅल्शियम असेल, तर घेवड्याची रोपे ते मीठ सोसू शकतात. त्यावेळी एसओएस३ चे नावही कोणाला ठाऊक नव्हते.

कोकणात खारबांधाची उघाडी आणि गोव्यात खाजनाची मानस ही दारे भरतीला मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडतात. बाहेरचा खारेपणा आत येऊ न देणे आणि आलाच तर काढून टाकणे, एवढेच त्यांचे काम. मुळाच्या प्रत्येक पेशीच्या पटलावर हेच काम चालते. दार उघडणारे प्रथिन, निरोप ऐकणारे प्रथिन आणि त्याला दाराशी धरून ठेवणारी जायफळातल्या आम्लाची एक साखळी, एवढ्या सामग्रीवर रोपाचे जगणे अवलंबून असते. शेतातल्या दारांची निगा शेतकरी पिढ्यान् पिढ्या राखत आला आहे. पेशीतील दारे ज्यांत शाबूत आहेत, ते राता आणि कोरगुट यांच्यासारखे वाणही तितक्याच निगुतीने जपावे लागतील.